आगीवाचून उकळी

वैजापुरात रोटेगाव स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधांचे एक दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात खोकल्याच्या गोळ्या घ्यायला तिथे थांबलो होतो. काउंटरवर एक नवी बाटली मांडलेली, वर ठळक अक्षरांत 'किण्वित वनस्पती-अर्क'. शेजारच्या गृहस्थांनी ती उचलून उलटीसुलटी केली.

"हे आंबवलेलं हाये का?"

"ईस्टात आंबवलेलं हाये, काका. नुसत्या काढ्यापरीस लवकर लागू पडतं म्हणत्यात."

"म्हंजी दारूच की!"

"दारू न्हाई हो, दवा हाये."

गोळ्या राहिल्या बाजूला आणि मी त्या शेवटच्या वाक्यात अडकलो. दुकानदाराचे हे वाक्य एखाद्या इराण्याला ऐकवले तर तो गोंधळून जाईल. फारसीत 'दारू' म्हणजेच औषध. तेहरानमध्ये औषधाच्या दुकानावर आजही 'दारूखाना' अशीच पाटी असते. आपल्याकडे मुंबईला रे रोडजवळ दारूखाना आहे, पण ते नाव बंदुकीच्या दारूवरून पडलेले असावे आणि तिथे आता जुनी जहाजे मोडतात. एका शब्दाची तीन घरे झाली: औषध, मद्य आणि स्फोटक. पैकी औषधाचे घर मराठीत जवळजवळ ओस पडले. फक्त 'दवादारू' या जोडशब्दात त्याचा एक वासा उभा आहे. 'पोराची दवादारू केली' म्हटल्यावर बाप पोराला गुत्त्यात घेऊन गेला असे कुणी समजत नाही.

या 'दारू'च्या मागे गेले तर मध्ययुगीन फारसीत 'दारूग' सापडतो, आणि त्याच्या शेजारी झाड या अर्थाचा 'दार'. संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड, ते देवदारात आहे आणि दारुहळदीतही. औषध म्हणजे मुळात झाडाची साल, मुळी, ढलपी. म्हणून लाकडाचे नाव औषधाला गेले असावे. मग कोळसा, गंधक आणि सोरा वैद्याच्या चूर्णासारखे कुटून एकत्र केले तेव्हा तीही 'दारू' झाली असावी. मद्याकडचे वळण तर फारच सोपे दिसते. ते वळण घ्यायला औषधाच्या नावाखाली पिणाऱ्यांनी मदत केली असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

लेबलावरचा दुसरा शब्द 'अर्क'. हा अरबी 'अरक', म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्यातून वाफ थंड होऊन थेंब थेंब गळते, ते भांड्याला घाम फुटल्यासारखे दिसते, म्हणून उतरवलेल्या द्रवाला अरक. मराठीत शिरताना त्याला संस्कृत 'अर्क' भेटला. तो तर सूर्य, आणि रुईचे झाडही. दोघांचे उच्चार इतके जवळचे की परका शब्द आपलाच वाटून घरात येऊन बसला. अर्कप्रकाश नावाचा, रावणाच्या नावावर चालणारा एक संस्कृत ग्रंथ आहे. त्यातला अर्क सूर्य नसून हाच गळणारा घाम आहे. पुढे मराठीने त्याला माणसापर्यंत नेले: 'तो काय, पक्का अर्क आहे!'

वैजापूरच्या शेतकऱ्याला अर्क म्हटले की आधी दशपर्णी आठवतो. कडुनिंब, करंज, सीताफळ, निरगुडी, एरंड असे दहा पाले २०० लिटरच्या ड्रमात, त्यात गोमूत्र, शेण, मिरची-लसणाचा ठेचा. महिनाभर सावलीत ठेवायचा आणि रोज काठीने ढवळायचा. मग गाळून कपाशीवर मारायचा. या अर्कात कुठे ऊर्ध्वपातन नाही, घामाचा थेंब नाही. ते सरळ कुजवणे-आंबवणे आहे. पण दहा पाल्यांत बहुधा रुईही असते. म्हणजे अरबी अर्कात संस्कृत अर्क भिजत घातलेला असतो! ड्रम ढवळणाऱ्याला त्याचे काही नाही, वासाने त्याचे डोके उठलेले असते.

अरबीचा विषय निघालाच आहे तर काउंटरवरच्या बाकीच्या बाटल्यांकडेही बघू. 'सिरप' हा अरबी 'शराब'चाच युरोप फिरून आलेला अवतार. शराब म्हणजे नुसते पेय, पिण्याची वस्तू. त्याच श-र-ब धातूचे 'शर्बत', आपले सरबत. तिघे सख्खे भाऊ: एक गुत्त्यात, एक दवाखान्यात, एक पाहुण्यापुढच्या पेल्यात.

खमिराचे कुटुंब याहून रंगतदार आहे. ख-म-र या अरबी धातूत झाकण्याचा अर्थ दिसतो. बायकांची डोके झाकायची ओढणी ती खिमार, कणीक झाकून ठेवल्यावर फुगते ते खमीर, आणि मद्य ते खम्र. ते बुद्धीला झाकते, असे अरबी कोशकार सांगतात. मला वाटते, बुद्धीपर्यंत जायची गरज नसावी. मद्याचे मडकेही झाकूनच ठेवावे लागते. याच घरातला 'खुमार' म्हणजे दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी, उतरलेल्या नशेचा त्रास. फारसी-उर्दूत तो मऊ होत होत धुंदीवर आला आणि मराठीत 'खुमारी' झाल्यावर त्रास पार गेला, उरली ती गोडी. आपण गोष्टीची खुमारी चाखतो, अभंगाची चाखतो. डोकेदुखीचा इतका सुखान्त प्रवास भाषेत क्वचितच होत असेल.

वैजापूर १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे युनानी दवाखान्यांचे शब्द इथल्या जुन्या माणसांच्या कानांना परके नाहीत. त्यातला एक 'खमीरा'. खमीरा गावजबान, खमीरा मरवारीद अशी ही लुसलुशीत, चाटून खायची औषधे. काढा साखरेच्या किंवा मधाच्या पाकात आटवायचा आणि पांढरट, हलका होईपर्यंत घोटत राहायचे. आज यात आंबणे कुठेच नाही. नाव मात्र खमिराचे, म्हणजे कधीकाळी ते खरेच फुगवत असावेत, किंवा घोटून आलेला हलकेपणा फुगलेल्या कणकेसारखा दिसला असावा. माझा कल पहिल्या तर्काकडे आहे, पुरावा नाही. 'गावजबान'ला मी लहानपणी गावची बोली समजत असे. फारसी गाव म्हणजे गाय, आपला 'गो'. गायीच्या जिभेसारखी खरखरीत पाने असलेली ती वनस्पती.

आता आपले आसव आणि अरिष्ट. यीस्टकडून वनस्पतीतला गुण काढून घेण्याचा आपल्याकडचा जुना कारखाना तो हाच, आणि द्राक्षासव, कुमारीआसव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही त्याची रोजची नावे. शार्ङ्गधराने दोघांतला फरक सांगितला आहे: औषधे न उकळता पाण्यात घातली तर आसव, काढा करून घातली तर अरिष्ट. मात्रा सांगितली नसेल तर प्रमाणही त्याने ठरवून दिले: द्रोणभर द्रवाला तुळाभर गूळ, गुळाच्या निम्मा मध, दशांश प्रक्षेप. गूळ हे यीस्टचे खाद्य. यीस्ट कुठून येते? आज कधीकधी पुडीतून. मूळ पद्धतीत ते धायटीच्या फुलांवरून येते.

धायटी, संस्कृत धातकी. अजिंठा-सातमाळ्याच्या उतारांवर, गौताळ्याच्या रानात, हिवाळा सरता सरता हिची लालभडक फुले फांद्यांना चिकटून येतात. 'धातकी'तला 'त' झिजून 'य' झाला हे समजते, शेवटची 'टी' मात्र मागाहून चिकटलेली दिसते, कारण हिंदीत ते फूल नुसते 'धाय' आहे. हिंदीत धाय म्हणजे दाई सुद्धा, संस्कृत धात्री. यीस्टला अंगावर पाजून वाढवणाऱ्या फुलाचे नाव दाई असावे ही मौजच, पण योगायोगाला व्युत्पत्ती म्हणायचा मोह मी इथे आवरतो. फुलात मध असतो आणि त्या मधावर रानटी यीस्ट वस्तीला असते. शिवाय फुलातल्या टॅनिनाचा तुरटपणा औषधाला टिकायला मदत करतो, असे मानतात.

एका परिचित वैद्यांकडे मी हे मडके जवळून पाहिले आहे. आतून तूप चोळलेले, तोंडावर कापड आणि त्यावर मातीचा लेप. त्याला ते 'कापडमाती' म्हणाले. युनानी हकीम याच लेपाला 'गिल-ए-हिकमत' म्हणतात, शहाणपणाची माती. (मराठीने हिकमतीचे शहाणपण काढून युक्ती तेवढी ठेवली.) जुन्या पद्धतीत हे मडके धान्याच्या राशीत पुरतात, ऊब एकसारखी राहते. वैद्यांनी आधी मडक्याला कान लावला, मग माझा लावायला सांगितला. आत बारीक सूं-सूं चालू होती, लांबवर पाऊस पडत असल्यासारखी. त्यांनी लेपाची कड उचलून पेटती काडी आत धरली, ती लगेच विझली. "अजून चालू आहे. आवाज बंद झाला आणि काडी जळत राहिली की झालं." आतला वायू कार्बन डायऑक्साइड, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्या आजोबांना नसावे, काडीची परीक्षा मात्र दोघांची एकच.

या सगळ्याला वैद्य 'संधान' म्हणतात. धनुष्याला बाण जोडणे तेही संधान. जोडून ठेवणे, मग वाट बघणे, असा काहीसा अर्थ दोन्हींत असावा.

'आसव' हा 'सु' धातूचा, पिळण्याचा. 'सोम' त्याच घरचा. पाली भाषेत मात्र 'आसव' म्हणजे मद्यही आणि मनाचा मळही. त्या दुसऱ्या अर्थामागे 'स्रु', पाझरणे, हा धातू दिसतो आणि जैनांचा कर्म आत झिरपण्याचा 'आस्रव' त्याच्याच नात्यातला. 'अरिष्ट' याहून बेरकी. अ-रिष्ट, ज्याला इजा होत नाही ते. म्हणजे न नासणारे औषध. नीट केलेले अरिष्ट खरोखरच वर्षानुवर्षे टिकते, कारण त्यात स्वतःचेच ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार झालेले असते. पण चरकाच्या इंद्रियस्थानात अरिष्ट म्हणजे मृत्यूची चाहूल, आणि मराठीत 'अरिष्ट ओढवले' म्हणजे संकट. वाइटाला चांगल्या नावाने हाक मारायची, दिवा 'वाढवायचा', कुंकू 'वाढवायचे', तसेच हे झाले असावे. कडुनिंबालाही अरिष्ट म्हणत, आणि 'अरिष्टक' झिजून झाला आपला रिठा. न्हाणीघरातल्या रिठ्याला आपण संकटाचा भाऊ आहोत याचा पत्ता नसतो.

लेबलावरच्या पहिल्या शब्दाकडे आता येतो, 'किण्वित'. 'किण्व' कुठून आला याचा समाधानकारक छडा मला लागलेला नाही. संस्कृतात तो धातूवाचून आल्यासारखा दिसतो, एखाद्या लोकभाषेतून उचललेला असावा. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या अध्यायात किण्वाची कृती दिली आहे: उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, त्याहून तिसरा हिस्सा जास्त तांदूळ आणि मोरटादी वनस्पती. वाचल्यावर आधी इडलीच आठवते. त्याच अध्यायात वैद्यांच्या मापाने करायच्या अरिष्टांचाही उल्लेख आहे, म्हणजे औषध आणि मद्य एकाच अधिकाऱ्याच्या नजरेखाली. निजामाच्या आबकारीनेही तेच केले. 'आबकारी' म्हणजे शब्दशः पाण्याचे काम. कलालाच्या भट्टीला याहून सभ्य नाव मिळाले नसते. स्वतंत्र भारतानेही १९५५ साली मद्यार्क असलेल्या औषधांवरच्या उत्पादन शुल्काचा वेगळा कायदा केला. दुकानातल्या काकांचा प्रश्न सरकारलाही सुटलेला नव्हता.

चार्वाकांनी किण्वाला थेट तत्त्वज्ञानात नेले. किण्व आणि त्याच्या जोडीच्या पदार्थांत एकेकट्यात नशा नसते, एकत्र आल्यावर ती उपजते. तसे चार भूतांतून चैतन्य उपजते, आत्मा वेगळा मानायला नको. शंकराचार्यांना ब्रह्मसूत्रभाष्यात हा दाखला मांडून खोडावा लागला. चार्वाकाला हे माहीत नव्हते की किण्वात आधीच एक जीव बसलेला आहे. माहीत असते तर दाखला बदलावा लागला असता, कारण मग चैतन्यातून नशा येते असे म्हणावे लागले असते! कोशात किण्वाचा आणखी एक अर्थ मिळतो: पाप. तो चार्वाकामुळे आला की मद्यामुळे, कोण सांगणार.

पाठ्यपुस्तकांनी हा पापी शब्द उचलून 'किण्वन' घडवले ते बरे केले, कारण 'आंबवणे' इथे थोडे चुकते. आंबवण्यात आंबटपणा आहे, तो अम्लातून आलेला, आणि आंबट करणारे बहुधा जिवाणू असतात. यीस्टचे काम साखरेचा मद्यार्क करण्याचे. वैद्याच्या दृष्टीने अरिष्ट आंबट झाले तर ते बिघडले, त्याचे 'शुक्त' झाले. आणि बेकरीवाला म्हणतो 'ईस्ट', त्याला दोन्ही शब्दांशी देणेघेणे नाही. गोव्यात पाव माडाच्या सुरेवर फुगवत, तिला कोंकणी 'सूर' म्हणते. संस्कृत सुरा तिथे अशी जिवंत राहिली; मराठीत मात्र 'सुरा' म्हटले की चाकू बाहेर निघतो.

एंझाइमच्या वेळीही असाच घोळ झाला. ग्रीक 'झ्यूमे' म्हणजे खमीर. त्यावरून जर्मन शास्त्रज्ञ कूने याने १८७०च्या दशकात 'एन्झ्यूम' बनवला, म्हणजे 'खमिरातले'. झ्यूमे आणि वैद्यांचे 'यूष', मुगाचे कढण, हे एकाच मुळाचे असावेत. मराठीने त्याला आज 'विकर' म्हटले आहे, पण जुन्या पुस्तकांत 'वितंचक' असे. तो शब्द गेला याची मला हळहळ आहे. वेदकाळात दुधाला लावायच्या विरजणाला 'आतंचन' म्हणत, धातू 'तञ्च्', गोठणे. आणि 'तक्र', आपले ताक, त्याच धातूचे. एंझाइमला मराठीत ताकाचा चुलतभाऊ मिळाला होता, आपण तो हाकलून दिला.

आणि यीस्टचे शास्त्रीय नाव? सॅकॅरोमायसेस. त्यातला 'सॅकॅरो' ग्रीकमधून, ग्रीकमध्ये तो आपल्याकडून गेलेला: शर्करा, पालीत सक्खरा. मूळ अर्थ वाळू, खडे. खडीसाखरेत खडा आणि साखर पुन्हा एकत्र आले आहेत. वैजापूरच्या शेजारी, गोदावरीपलीकडे कोपरगाव तालुक्यात सोमय्यांची साकरवाडी आहे. तिथे उसाच्या मळीवर यीस्ट सोडून अल्कोहोल आणि त्यापासून रसायने करतात. फलटणकडची 'साखरवाडी', इथली 'साकरवाडी'. हा 'क' गुजराती वळणाचा दिसतो, मालकांबरोबर आला असावा.

यीस्टकडून नुसता गुण काढून घेण्यावर हे थांबलेले नाही. २००६ साली अमेरिकेत कीसलिंग यांच्या गटाने यीस्टमध्ये वनस्पतीची जनुके घालून आर्टेमिसिनिक आम्ल करवून घेतले, हिवतापाच्या औषधाचा कच्चा माल. ती वनस्पती आपल्या दवण्याच्या गणातली. २००३ साली 'वोसुलिन' नावाचे इन्शुलिन बाजारात आणणाऱ्या वोकहार्टचा जैवतंत्रज्ञानाचा कारखाना तर वैजापूरच्याच जिल्ह्यातला, आणि ते इन्शुलिनही यीस्टकडूनच करवून घेतलेले. त्या यीस्टचे नाव हान्सेन्यूला. १८८३ साली कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्ट वेगळे करणाऱ्या हान्सेनच्या नावाचे हे लाडके रूप, 'छोटा हान्सेन'. इन्शुलिन लॅटिन 'इन्सुला'वरून, म्हणजे बेट. स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांवरून. वैजापूर-श्रीरामपूरच्या हद्दीवर गोदावरीत सराला बेट आहे. त्या बेटाच्या सप्ताहाला जाणाऱ्या मधुमेही माणसाच्या पिशवीतही एक बेट असते.

पण 'यीस्ट'? हा शब्द मी शेवटी ठेवला, कारण त्याच्यापाशी मला सगळ्यात जास्त गंमत वाटली. त्याचे मूळ 'येस्', उकळणे, फेसाळणे. ग्रीकमध्ये तो 'झेओ' झाला आणि आपल्या त्वचेवर 'एक्झिमा' होऊन उकळून बाहेर आला. लॅटिन 'फर्मेंटम'चेही मूळ वेगळे असले तरी अर्थ तोच, उकळणे. आगीवाचून उकळी येते हे आश्चर्य सगळ्यांनी शब्दात धरून ठेवलेले दिसते. संस्कृतात 'येस्'चा 'यस्' आहे. वेदात तो फेसाळतो, पुढे माणसाच्या अंगात शिरतो आणि कष्टतो, घामाघूम होतो. आयास, प्रयास, सायास, अनायास ही त्याची मुले. बेकरीतला ईस्ट आणि आपले सायास एका रक्ताचे!

त्या दिवशी मुक्कामाला मावसभावाकडे होतो. संध्याकाळी कांदा काढून वहिनी घरी आल्या, ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अंग पार आंबून गेलं बाई." पीठ आंबते, ताक आंबते, आणि मराठीत कष्टाने अंगही आंबते. मी लगेच 'यस्' सांगायला तोंड उघडले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आधी च्या टाका."